बाहेरचा गुलाबजाम

चंद्रपुरात पोर्क रिब्ज कुठे चांगल्या मिळतात, हे पोरीने मोबाइलवर शोधलं आणि मला नेमकं याच हॉटेलात आणलं. भाजक्या चरबीचा वास आला आणि बाबा डोळ्यांसमोर उभे राहिले.

मी शाळेत होतो तेव्हा इथे नुसतं मिठाईचं दुकान होतं. चामोर्शीकडच्या आमच्या घरात डुकराचं नाव कोणी घेत नसे. शेजारी ऐकतील म्हणून त्याला 'बटाटे' म्हणायचं. एकदा चंद्रपूरला आलो, तेव्हा स्टेशनमागे गाडीवर गरम बरगड्या खाऊन बाबा मला गुलाबजाम खाऊ घालायला इथे घेऊन आले. मालकाने नाक मुरडलं.

"काय खाऊन आले भाऊ?"

"बटाटे," बाबा सवयीने बोलून गेले.

"तुमचे बटाटे मले चांगले माहीत आहेत. बाहीर उभे राहून खा."

बाबांनी हात धोतराला पुसून द्रोण घेतला. उन्हात उभ्या उभ्या मला विचारलं, "गोड आहे ना रे?"

आज त्याच मालकाचा मुलगा हसत बरगड्या वाढत होता. "सर, नंतर आमचा गुलाबजाम घ्याच. खूप जुना आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो. "खाल्लाय मी. बाहेर उभा राहून."