दोन तासांची वहिनी

आमच्या शेजारच्या वहिनींना सगळी इमारत पाठीमागे ‘दोन तास’ म्हणते. नाव मीच ठेवलंय, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू?

तीस वर्षं त्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात होत्या. उघडलेलं दूध, फळांचा रस फ्रीजबाहेर दोन तास राहिला की मोरीत, हा तिथला नियम त्यांनी घरी आणला. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर उघडल्याची वेळ.

गेल्या महिन्यात दादांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. “आता पोट बिघडता कामा नये,” डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नेमका त्याच आठवड्यात फ्रीज बंद पडला. दादांना एका वेळी अर्धा पेला रस जायचा. उरलेला दोन तासांनी मोरीत आणि वहिनी तीन जिने उतरून नव्या बाटलीसाठी दुकानात. गुडघे सुजून भोपळे झाले.

“माझ्या फ्रीजमध्ये ठेवा ना,” मी म्हटलं.

“नको भावजी. तुमच्या फ्रीजचं दार तुमच्या तोंडासारखं. कधी मिटलेलं पाहिलं नाही.”

एके दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे पेपर मागायला गेलो. वहिनी खुर्चीत पेंगत होत्या, दादा शेजारी पलंगावर बसले होते.

“काय वहिनी, पावणेसहा वाजले, अजून दुपारच?”

त्या दचकून उठल्या. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच. टेबलावर बाटली, तिच्यावर ‘तीन वाजता’. बाटली रिकामी.

“अहो! सगळा प्यायलात? पावणेतीन तास झाले! टाके ओले आहेत अजून, काही झालं तर मी काय करू?” त्यांनी रिकामी बाटली दादांपुढे धरली.

दादांनी जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेली. बिचारे मान खाली घालून बसले.

“घड्याळ मीच तासभर मागे केलं,” ते म्हणाले. “तू झोपेतसुद्धा दर पाच मिनिटांनी एक डोळा उघडून वेळ बघतेस. म्हटलं, तेवढीच झोपेल.”

“आणि रस?”

“पाचला कुंडीत ओतला. तुझा नियम मोडला नाही गं.” त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. “खरी वेळ इथे होती.”

वहिनींनी कुंडीत बोट घातलं. माती ओली होती. मग त्या बराच वेळ पदराने चष्मा पुसत राहिल्या.

“मी आणतो बाटली,” म्हणून मी जिना उतरलो.

मी परत आल्यावर वहिनींनी तीन पेले मांडले. दादांना अर्धा, बाकीचा आम्हा दोघांना. बाटली तिथल्या तिथे संपली.

“पट्टी नाही लावायची?” मी विचारलं.

“उरलंय काय लावायला?” त्या पाय लांब करत म्हणाल्या. “उद्यापासून याच वेळेला या, भावजी. आणि येताना बाटली घेऊन या.”

फ्रीज कधीच दुरुस्त झाला. मी अजून रोज जातो.