पिवळ्या दिव्याखाली न पाहिलेला खडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. सराफाच्या पेढीवर खडे पारखता पारखता माझे डोळे थकले. आज एक अलेक्झांड्राइट हाती आला. खिडकीशी तो कडुलिंबाच्या पाल्यासारखा हिरवा होता आणि पिवळ्या बल्बखाली धरताच आमसुलाच्या पाण्यासारखा लाल झाला. असा खडा क्वचितच मिळतो आणि त्याचं मोल या बदलण्यातच असतं. दोन्ही रंग त्याचेच. म्हणून आमची रीत आहे, आधी खिडकी, मग बल्ब.

एकदा मी बल्ब लावलाच नाही. जेवायची वेळ झाली होती, कंटाळलो होतो. नुकताच नवरा गेलेल्या एक बाई त्याने दिलेली अंगठी घेऊन आल्या होत्या. खिडकीशी नजर टाकून मी म्हणालो, "हिरवी काच आहे, ताई."

"अहो, पण समईपाशी लाल दिसते. हे म्हणायचे, लाखात एक खडा आहे."

"काच काय, कशीही चमकते."

त्या हसल्या. "म्हणजे मलाही टोपी घातली म्हणायची यांनी!" अंगठी मात्र त्यांनी पुन्हा बोटात घातली नाही, पिशवीत टाकली.

त्या पायऱ्या उतरत असतानाच माझ्या लक्षात आलं, काच अशी लाल होत नाही. हाक मारली असती, तर मालकांसमोर चूक कबूल करावी लागली असती. मी डबा उघडला.

खडा अस्सल असेलच असं नाही. पण एका गेलेल्या माणसाला मी न बघताच खोटं ठरवलं. बाई अजून याच गावात राहतात. तो खडा मी नीट पाहिलाच नव्हता, हे त्यांना जाऊन सांगणं माझ्याकडून राहिलेलं आहे.