पॅच चढवणारा माणूस

तोंडवलीच्या किनाऱ्यावर तेव्हा माझं चहाचं दुकान होतं. मोबाइलची रेंज धड मिळायची ती आमच्या सुरूच्या बनात, म्हणून त्या रविवारी सकाळी मिठबावचा तो माणूस मोटारसायकलवरून आला. फोन बाकावर उलटा ठेवायचा, की लगेच उचलून बघायचा. चहावर साय धरली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"कोणाचो फोन येवचो आसा?" मी विचारलं.

"येव नये म्हणान बसलंय," तो कसनुसा हसला.

तो मुंबईत एका अवाढव्य कंपनीत होता. तिच्या देशभरातल्या डेटाबेस सर्व्हरवर दुरुस्तीचे पॅच चढवायचे, ते त्याची माणसं रविवारी ऑफिसात बसून एकेक करून चढवत. आता ते आपोआप चढवणारा प्रोग्राम त्याने लिहिला होता आणि आज तो पहिल्यांदाच सगळीकडे चालत होता. चुकला, तर सगळीकडेच चुकणार होता.

"मग आजच गावाक कित्याक इलास?"

"बाबांचा वर्षश्राद्ध आसा. ते गेले तेव्हा मी पॅच चढवीत होतंय. घराक पोचलंय, तेव्हा सगळा आटापलेला."

थोड्या वेळाने मेसेज आला. सगळं नीट पार पडलं होतं. त्याने डोळे पुसले आणि खबरदारी म्हणून ऑफिसात बसवलेल्या सहकाऱ्याला फोन लावला.

"झालं सगळं. तू घरी जा आता," तो शुद्ध मराठीत म्हणाला.

पलीकडच्याला ते खरं वाटलं नसावं.

"अरे, खरंच जा. वाट बघत असतील."