पहिल्या विषयाला गैरहजर

वेळेच्या बाबतीत माझ्या थोरल्या साडूंइतका छळवादी माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा सापडायचा नाही, आणि सरकारी कागदोपत्री कायम उशिरा येणारा म्हणून नोंद झालेला माणूसही नेमका तोच. हे दोन्ही एकाच्या वाट्याला कसं आलं ते सांगायचं म्हणजे त्यांची बाजू घेणं आलं. त्यांची बाजू घेऊन आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात ते भूल देणारे डॉक्टर होते. जन्मभर लोकांना झोपवलं आणि रिटायर झाल्यावर त्यांना जागं करायला निघाले. आम्ही लंडनमध्ये ईलिंगला राहतो. सातला जेवायला बोलावलं की ते सहालाच आमच्या दारासमोर गाडी लावून आत बसून राहतात आणि सातच्या ठोक्याला बेल वाजवतात. शेजारच्या सीटवर ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, मांडीवर बासुंदीचा डबा घेऊन. एकदा मी बाहेर जाऊन काचेवर टकटक केली, "अहो डॉक्टर, आत या की." त्यांनी काच दोन बोटं खाली घेतली. "सात म्हणाला होतात ना? तुमची तयारी झालेली नसणार." झालेली नव्हतीच. आमच्या मंडळाच्या गणपतीत अकराची आरती छापली होती म्हणून एके वर्षी यांनी अकराला एकट्यानेच सुरू केली. अध्यक्ष पार्किंग शोधत होते, नैवेद्य मोटरवेवर अडकला होता, आणि हॉलमध्ये डॉक्टर आणि गणपती दोघेच. "तो वेळेवर आलाय, मी वेळेवर आलोय," ते नंतर म्हणाले, "बाकीच्यांचं त्यांनी बघावं."

तर असे हे देवभक्त. रोज सकाळी तासभर पूजा, तीही सोवळं नेसून, उघड्या अंगाने, हीटिंग बंद करून. सोवळ्यात हीटिंग चालत नाही असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही, पण डॉक्टरांचं शास्त्र वेगळं आहे. जानेवारीत त्यांचे मंत्र दातांच्या तालावर चालतात. ताई तेवढा वेळ स्वयंपाकघरात कोट घालून बसते. फोन बंद, बोलणं बंद. मध्येच पोस्टमन आला तर त्यानेही पुण्य समजून थांबावं अशी अपेक्षा. या माणसाने सभेत प्रार्थना नको म्हणून कोर्टात जायची तयारी केली, असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

झालं ते असं. त्यांच्या गावच्या कौन्सिलने म्हाताऱ्या लोकांच्या घरांसमोरचा बसस्टॉप हलवला. डॉक्टर चिडले, निवडणुकीला उभे राहिले आणि चक्क निवडून आले. पहिल्या मीटिंगला अजेंड्यावर पहिलाच विषय 'प्रार्थना'. मेयर उठले, सगळे उठले, गावच्या चर्चच्या व्हिकरनी, म्हणजे पाद्रीबाबांनी, प्रार्थना म्हटली, सगळे बसले आणि कुत्र्यांच्या घाणीच्या डब्यांवर चर्चा सुरू झाली. डॉक्टर त्या रात्री जेवले नाहीत. "देवाला हाक मारायची आणि तो येऊन बसला की त्याच्यासमोर डबे काढायचे? आणि कौन्सिल सगळ्या गावाचं आहे. त्यात कुणाचाच देव बसवायचा नाही. माझासुद्धा नाही." मी म्हटलं, "अहो, दोन मिनिटांचा प्रश्न आहे." ते म्हणाले, "भूलही दोन मिनिटांतच चढते."

प्रार्थना मीटिंगच्या आधी उरका, ज्याला हवी तो येईल, असं त्यांनी रीतसर सुचवलं. मताला टाकलं, एकटे पडले. मग प्रार्थना होईपर्यंत ते बाहेर पॅसेजमध्ये उभे राहू लागले. इथे नियम आडवा आला. मीटिंग सुरू झाल्यावर जो आत येईल तो उशिरा आला अशी मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, नोंद व्हायची. मिनिट्स लिहिणारी क्लार्कबाई भली बाई, पण नियम तिने केलेले नव्हते. त्यामुळे अर्धा तास आधी येऊन दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसापुढे दर महिन्याला 'उशिरा आले' असं पडायचं, आणि वेबसाइटवर सगळ्या गावाला वाचायला मिळायचं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. व्हिकर त्यांचा मित्र. प्रार्थना संपवून तो बाहेर पडायचा तेव्हा हे आत शिरायचे, आणि दारातच तो यांच्या गुडघ्याची चौकशी करायचा. "खरं सांगू डॉक्टर," तो एकदा म्हणाला, "मी डोळे मिटले की अर्धे लोक तेवढ्यात अजेंडा वाचून घेतात."

मग कोर्टाचं वेड डोक्यात शिरलं. दुसऱ्या एका कौन्सिलवर असाच दावा झाला होता, आणि प्रार्थना हा सभेच्या कामाचा भाग करायचा कौन्सिलला अधिकारच नाही, असं कोर्टाने म्हटलं होतं. डॉक्टरांना आकाश ठेंगणं झालं. सॉलिसिटर गाठला. लग्न असो, बारसं असो, ते निकालपत्रातले परिच्छेद म्हणून दाखवायचे आणि लोक जिलबी हातात घेऊन काढता पाय घ्यायचे. दावा दाखल होण्याच्या बेतात होता, आणि पार्लमेंटने कायदा केला की कौन्सिलांनी सभेत खुशाल प्रार्थना करावी. संपलं. कौन्सिलची सुंठीवाचून खोकला गेला अशी गत. डॉक्टरांनी मला फोनवर तो कायदा वाचून दाखवला. एवढासा होता. "म्हणजे मी बरोबर होतो," ते शेवटी म्हणाले, "म्हणून त्यांना कायदा बदलावा लागला." मी बासुंदीची चौकशी केली.

पुढचं आणखी वाईट. नवा कायदा सगळ्या धर्मांना मोकळा आहे, म्हणून मेयरनी मोठ्या मनाने सुचवलं की पुढच्या सभेला डॉक्टरांनीच त्यांची प्रार्थना म्हणावी. ताईने साडी काढली, मंडळाने फोटोग्राफर ठरवला. डॉक्टर नाही म्हणाले. "त्यांचा देव उठवायला निघालो होतो, आता त्याच पाटावर माझा बसवू?" मंडळातल्या लोकांना ते धर्मद्रोही वाटले, कौन्सिलला आडमुठे. आणि त्यांच्या बाजूने बोलायला जे नास्तिक आले होते त्यांना यांच्या कपाळावरचं गंध खुपत होतं. इतका एकटा माणूस मी पाहिला नाही. तरी ते दर महिन्याला पॅसेजमध्ये उभे राहत राहिले.

पुढच्या निवडणुकीत विरोधकाने पत्रक काढलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. विद्यमान सभासद चार वर्षांत जवळजवळ प्रत्येक सभेला उशिरा आले, विश्वास नसेल तर कौन्सिलची वेबसाइट बघा. डॉक्टर पडले. बसस्टॉप मात्र त्यांनी परत आणला होता. त्याच स्टॉपवरून म्हाताऱ्या मंडळींनी बस पकडली आणि ती त्यांच्याविरुद्ध मत देऊन आली.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. ते अजूनही मीटिंगला जातात, मागे लोकांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर बसतात. मलाही घेऊन गेले, अर्थात अर्धा तास आधी. मेयर उठताच डॉक्टर गुडघ्यावर हात टेकत उठले आणि बाहेर निघाले. मी मागोमाग. पॅसेजमध्ये गारठा होता. "अहो, आता तर तुम्ही सभासदही नाही," मी म्हटलं, "आत बसलात तर काय बिघडणार आहे?" दारापलीकडून 'आमेन' ऐकू आलं. आम्ही आत गेलो तेव्हा क्लार्कबाईने सवयीने मान वर केली, यांच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पेन उचललं, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं हळूच खाली ठेवलं.

डॉक्टरांनी ते पाहिलं. खुर्चीवर बसायला त्यांना जरा वेळ लागला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आता तेवढंही लिहीत नाहीत."