रिकामी काचपट्टी

चौबळबाईंनी माझ्या प्रयोगवहीचं पान पहिल्यांदा फाडलं तेव्हा मी नववीत होते. कल्याणला आमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. कडक इस्त्रीची साडी, जाड चष्मा, हातात लाल पेन. पान फाडायच्या तेसुद्धा पट्टी लावून, सरळ रेषेत! "दिसलं तेच काढायचं," म्हणायच्या. "पुस्तकातलं उतरवायला तुम्ही कशाला हव्यात? स्टेशनबाहेर झेरॉक्सवाला आहे की!"

शिकवायच्या मात्र झकास, कबूल करायलाच हवं. बुचाच्या पातळ कापात ज्याने पहिल्यांदा पेशी पाहिल्या, त्या इंग्रजाबद्दल बोलताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. "त्याला रिकाम्या खोल्या दिसल्या, त्याने रिकाम्याच काढल्या. मनाने आत कुणाला बसवलं नाही. केंद्रक पुढच्यांना दिसलं, ते पुढच्यांनी काढलं." आणि लगेच कुणावर तरी घसरायच्या. पेशी पेशीपासूनच निपजते, हा सिद्धांत त्यांनी वर्गाला माझ्यावरून समजावला. "हिचे वडील टिटवाळ्याला रिक्षा चालवतात. आता हिच्यात काय निपजणार, सांगा!" अख्खा वर्ग खिदळला. त्याच सकाळी बाबांनी मला त्या रिक्षातून स्टेशनवर सोडलं होतं. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू!

कांद्याच्या पापुद्र्यात मला केंद्रक दिसलं नाही, म्हणून मी काढलं नाही. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "हे काय, ढळढळीत दिसतंय! आंधळी आहेस का गं?" आणि पान फाडलं. त्या पुढे गेल्यावर मी वाकून पाहिलं. पापुद्रा कधीचा बाजूला सरकला होता, आत नुसता पांढरा उजेड. अगं बाई! म्हणजे बाईंनाच दिसत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी धुतलेली, कोरी काचपट्टी लावली. मैत्रिणींना आधीच सांगून ठेवलं होतं.

"बाई, केंद्रक नीट आलंय का हो?"

त्या वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. "आलंय. शाबास," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

मी काचपट्टी काढून उजेडात धरली. "पण बाई, हिच्यावर कांदाच नाहीये!"

बाकं वाजली, मुली फिदीफिदी हसल्या. सगळ्यांत आधी मी हसले. खोटं कशाला बोलू, मजा आली.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "वह्या उघडा," त्या म्हणाल्या. "आज जे दिसलं, तेच काढा."

दुसऱ्या दिवसापासून त्या शाळेत आल्याच नाहीत. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून डोळ्यांचं लपवत होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं. आता मी कोलशेतच्या एका लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकलेली असते. ती वही अजून माझ्याकडे आहे. बाईंच्या त्या शेवटच्या तासाला मी पुस्तक उघडून कांद्याची पेशी उतरवली होती, केंद्रकासकट. ते पान फाडायला कुणी आलं नाही.