दांड्यावरचे हात

अग्निशमन दलातला तिचा नवरा आगीत गेला, तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं. त्याच्या जागी तिला घेणार होते, पण धावण्याच्या चाचणीत पास झाली तरच. आठशे मीटर, चार मिनिटं, आणि संधी एकदाच.

बाळाला रोज सांभाळायला कुणी नव्हतं. मग ती पहाटे त्याला बाबागाडीत घालून नदीकाठच्या रस्त्यावर धावू लागली. पहिल्या आठवड्यात चाकांवर आपटून नडग्या सोलल्या. हळूहळू जमलं. पावलं आखूड टाकायची, कोपरं अंगाशी धरायची आणि काही झालं तरी दांडा सोडायचा नाही.

"पोराला हवा खायला नेतेस की हवेत उडवायला?" दूधवाला विचारायचा. तिला धाप लागलेली असायची, ती नुसती हसायची.

चाचणीच्या दिवशी जाऊबाई बाळ आणि बाबागाडी घेऊन फाटकाशी थांबल्या. शिट्टी वाजली. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत दम लागला, तसे तिचे हात आपसूक पुढे आले, मुठी आवळल्या, पावलं आखूड झाली.

"अहो बाई, हात हलवा! समोर गाडी नाहीये!" घड्याळ धरलेले साहेब ओरडले. तिने हात सोडले आणि तोलच गेला. सावरेपर्यंत व्हायचं ते झालं. चार मिनिटं सहा सेकंद.

"झालं का गं?" जाऊबाईंनी विचारलं.

तिने त्यांच्या हातून बाळ घेतलं. त्याला गाडीत बसवून पट्टा लावला आणि दांडा धरला. हातांना त्यांची जागा लगेच सापडली.