वाफा भरेपर्यंत

"अवं, कांदं पवाया लागलं की! पाणी बांध फोडून भाऊजींच्या मेथीत शिरलं, आन् तुमी ढग बघत बसलाय व्हय?"

बायकोचा हा आवाज येडगाव धरणाच्या भिंतीवर आपटून परत आला, असं म्हटलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल. म्हणा. पण पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले, एवढं खरं. मी मांडीवर वही घेऊन बांधावर बसलो होतो आणि कथा सुचायची वाट बघत होतो. इकडे धाकट्या भावाच्या मेथीत तळं झालं होतं.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. जुन्नरच्या एका ओळखीच्या संपादकांनी दिवाळी अंकासाठी कथा मागितली होती. तोवर मी सुरुवाती रग्गड केल्या होत्या, शेवटापर्यंत एकही कथा पोचली नव्हती. आणि बायको मात्र आंबेगावच्या अंगाला, माहेरी सांगून बसली होती, की आमच्या ह्यांची गोष्ट छापून येणार. नाही आली, तर भाऊबीजेला तिने कुठल्या तोंडाने जायचं?

स्फूर्तीसाठी मी काय नाही केलं! घाटघरला गेलो, नाणेघाटाच्या कड्यावर बसलो. वारा असा, की माझ्या मिशा कानामागे गेल्या. दिवसभरात एक पान झालं. वाचलं, वैतागून फाडलं, खाली कोकणात भिरकावलं. वाऱ्याने ते उचललं आणि माझ्याच थोबाडावर आणून चिकटवलं. कोकणानेही साभार परत केलं! मग भीमाशंकराला साकडं घातलं. येताना पेढे आणले, स्फूर्ती तेवढी राहिली.

तर त्या दिवशी बायकोने खोऱ्याने चिखल ओढून भरलेल्या वाफ्याचं तोंड बंद केलं, पुढच्याचं उघडलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्यो वाफा भरस्तोवर लिवा. भरला की उठा, पाणी फुडं सोडा, परत बसा."

"आणि नाही सुचलं तर?"

"तर वाकडंतिकडं लिवा. आमी कांदा लावताना मूड बघतो का?"

पहिल्या वाफ्याला मी 'काही सुचत नाही' एवढंच लिहिलं, तेही पानभर. दुसऱ्याला बगळे लिहिले. तिसऱ्याला बायकोचं ओरडणं जसंच्या तसं उतरवलं आणि चकित झालो, कारण कथा तिथूनच सुरू होत होती. पुढे तर गंमत झाली. वाक्य ऐन रंगात आलं, की नेमका वाफा भरायचा. शिव्या घालत उठायचं, चिखल तुडवायचा. परत यावं, तर अर्धं वाक्य बैलासारखं जागेवर उभं! नव्याने काही जुंपायला नको, नुसतं हाकायचं.

कांदा भिजवायची पाळी नसली, की वाटायचं, आज सुट्टी. बायको लांबूनच म्हणायची, "पाणी न्हाई तर न्हाई, बांध हाय ना?" मग कोरड्या बांधावर बसायचो. बरीच पानं टाकाऊ निघाली. पण पानांवर पानं पडत गेली आणि एका दुपारी शेवटचा वाफा भरता भरता कथा संपली. मी एवढ्या जोरात ओरडलो, की भावाला वाटलं, बिबट्या आला. तो काठी घेऊन धावला.

कथा छापून आली. भाऊबीजेला सासरवाडीच्या ओसरीवर मेव्हण्याने अंक साऱ्या पाव्हण्यांत फिरवला. बायकोचं तोंड दिव्यासारखं उजळलं होतं.

"दाजी, लई भारी!" मेव्हणा म्हणाला. "येवढं सुचतं तरी कसं वो तुमाला?"

मी घसा खाकरला. नाणेघाटाचा कडा काढला, वारा काढला, ढग काढले. मिशा कानामागे नेऊन आता स्फूर्ती उतरवणार, तेवढ्यात बायको चिवड्याची ताटली माझ्यापुढे ठेवत म्हणाली,

"सुचत न्हाई त्यांना. कांदं भिजवत्यात."